हृदयाचे रफूकाम

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. ते टिपणांवरून बोलले गेले होते. स्मरणिकेसाठी नंतर लिहून काढले आहे.)



आजच्या भाषणासाठी चिटणीसबाईंनी मला दोन निरोप पाठवले. पहिला होता, "काहीतरी सोपे आणि बायकांच्या उपयोगाचे सांग." दुसरा होता, "तू त्या प्रयोगशाळेत दिवसभर काय करतेस ते सांग." ह्या दोहोंचा मेळ घालण्यात माझे चार दिवस गेले. अखेरीस असे ठरवले, की दुसरा निरोप पाळावा आणि पहिल्याचे जमेल तेवढे करावे.

मी दिवसभर काय करते हे एका वाक्यात सांगायचे तर मी सूत काढते. चरख्यावर नव्हे, विजेवर. आणि ते सूत साडीचोळीसाठी नसून, झटका येऊन निकामी झालेल्या हृदयाच्या स्नायूला पुढेमागे त्याची जोड देता यावी म्हणून काढतो.

तुमच्यातल्या पुष्कळजणींनी मला परकर-पोलक्यात पाहिले आहे, तेव्हा तुमच्यापासून काही लपवण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षीचे संक्रांतीचे हळदीकुंकू तुम्हाला आठवत असेल. माझी आई त्या दिवशी दारात उभी राहून अत्तर लावत होती. चारच्या सुमारास तिला दरदरून घाम आला. जबडा दुखू लागला, पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध आवळल्यासारखे झाले. छातीत म्हणाल तर थोडे जड वाटत होते, एवढेच. "पित्त झालंय," असे म्हणून तिने सोडा घेतला आणि शेवटच्या सवाष्णीला वाण देईपर्यंत ती बसली नाही. रात्री नऊला घरी जाऊन तिने मला फोन केला. आणि मी, हृदयाच्या पेशींवर काम करणारी बाई, तिला म्हणाले, "दगदग झाली असेल आई, थोडे ताक पी आणि झोप."

सकाळी सातला तिला इस्पितळात नेले. तोपर्यंत पंधरा तास झाले होते. बुजलेली रक्तवाहिनी डॉक्टरांनी उघडली, आत जाळीची नळी बसवली, आई वाचली. पण ते पंधरा तास काही परत आले नाहीत. धडधाकट हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्या डाव्या जवनिकेतले निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा पंचावन्न ते सत्तर, रक्त बाहेर टाकते. आईचे हृदय शेकडा बत्तीस टाकते. म्हणून ती आज पुढच्या रांगेत खुर्चीवर बसली आहे आणि स्वयंपाकघरात दुसऱ्या कोणीतरी मसालेभात करीत आहे. हे तिला माझ्या भाषणापेक्षा जास्त खुपते आहे, हे मला इथून दिसते.

मघाशी चहाच्या वेळी शेजारच्या काकूंनी मला विचारले, "काय ग, तुम्ही ते हृदयाचे ठिगळ करता म्हणे, मग आईला का नाही बसवत?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभी आहे. पण ते जरा वळसा घेऊन द्यावे लागेल.

आधी हृदय म्हणजे काय ते पाहू. मूठभर आकाराचा, पावशेराच्या आसपास वजनाचा हा स्नायू. पावशेर म्हटले की तरुण मुली हसतात. अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम म्हणा. दिवसाला सुमारे एक लाख ठोके. स्वस्थ बसले असता मिनिटाला पाच लिटर, म्हणजे एक कळशी भरायला त्याला दोन-तीन मिनिटे पुरतात. ह्या कामासाठी त्याला स्वतःलाही रक्त लागते, आणि ते आतल्या रक्तातून मिळत नाही. बाहेरून मुकुटासारख्या वेढलेल्या रोहिण्यांतून मिळते. त्यांपैकी एखादी बुजली, की तिच्या हद्दीतला स्नायू उपाशी पडतो. वीस ते चाळीस मिनिटांत पेशी मरू लागतात. डाव्या जवनिकेत अशा स्नायूपेशी दोनशे ते चारशे कोटी असतात, आणि मोठ्या झटक्यात काही तासांतच त्यांतला चौथा हिस्सा जाऊ शकतो.

गेल्या तर गेल्या, नव्या येतील, असे आपल्याला वाटते. बोट कापले तर कातडी येते, हाड मोडले तर सांधते. हृदयाचे तसे नाही. मेलेल्या स्नायूच्या जागी शरीर घाईघाईने एक चिवट पांढरा व्रण भरते. तो भरला नाही तर भिंतच फुटेल, तेव्हा व्रणाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यानेच माणूस वाचते. पण व्रण आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूला त्याचे ओझे ओढावे लागते, हळूहळू भिंत ताणून पातळ होते, हृदय फुगते आणि जिना चढताना दम लागू लागतो.

हृदयाच्या पेशी अजिबातच नव्या होत नाहीत की थोड्या होतात, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. तो कसा मिटला ही मोठी चमत्कारिक हकीकत आहे. १९६३ साली करार होईपर्यंत बड्या राष्ट्रांनी उघड्यावर अणुबाँबचे स्फोट केले. त्यांमुळे हवेत एक किरणोत्सारी कार्बन वाढला, तो झाडांत गेला, झाडांतून अन्नात आणि अन्नातून त्या काळी तयार होणाऱ्या प्रत्येक पेशीच्या गाभ्यात. करारानंतर त्याचे हवेतले प्रमाण वर्षागणिक उतरत गेले. त्यामुळे एखादी पेशी केव्हा जन्मली हे तिच्यातल्या कार्बनवरून सांगता येते, जणू तिच्यावर तारखेचा शिक्काच मारलेला. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत माणसांच्या हृदयातील पेशींवरचे हे शिक्के वाचले आणि २००९ साली निकाल दिला: पंचविशीत वर्षाला शेकडा एक पेशी नवी होते, पंचाहत्तरीत शेकडा अर्धीसुद्धा नाही. म्हणजे हृदय अगदी वांझ नाही. पण ह्या गतीने चौथा हिस्सा भरून निघायचा तर एक जन्म पुरणार नाही. जगाच्या संहारासाठी केलेल्या स्फोटांचा असा उपयोग होईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

आपल्या गंगेच्या खोऱ्यातला एक बोटाच्या पेराएवढा पट्टेरी मासा मात्र ह्या बाबतीत माणसापेक्षा भाग्यवान आहे. काचेच्या पेटीत पाळतात तोच तो झेब्रा मासा. त्याच्या जवनिकेचा पाचवा हिस्सा कापून टाकला तरी दोन महिन्यांत तो परत वाढतो. हे २००२ साली अमेरिकेत दाखवले गेले. आपल्याला ते देणे देवाने दिले नाही, म्हणून आपल्याला शिवणकाम करावे लागते.

आता सुताकडे येते. पुष्कळ शास्त्रज्ञांनी आधी असे करून पाहिले, की नव्या पेशी नुसत्याच सुईने हृदयात सोडाव्यात. त्या टिकत नाहीत. काही ठोक्यांबरोबर बाहेर फेकल्या जातात, काही वाहून जातात, उरलेल्या मरतात. का? पेशीला नुसते अन्न पुरत नाही, तिला बसायला जागा लागते. वेलीला मांडव लागतो तसा. आपल्या शरीरात हा मांडव कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म तंतूंचा असतो. पेशी त्याला धरतात, त्याच्या दिशेने लांब होतात, त्याच्यावरून शेजारणीशी संबंध ठेवतात. झटक्याच्या ठिकाणी हा मांडवच कोसळलेला असतो. तेव्हा आधी मांडव घालावा, मग वेल चढवावा, असा हा सगळा विचार आहे.

मांडवाचे तंतू केवढे हवेत? मीटरचे शंभर कोटी भाग केले तर एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. आपला केस साठ-सत्तर हजार नॅनोमीटर जाड असतो. शरीरातले तंतू काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत. आम्ही काढतो ते सूत साधारण तीनशे नॅनोमीटरचे, म्हणजे एका केसाच्या रुंदीत दोनशे धागे शेजारी शेजारी मावतील. पूर्वी ढाक्याच्या मलमलीची तारीफ करीत. ते सूत आमच्यापुढे दोरखंड म्हणायला हवे.

हे काढतात कसे, ते ऐका. इंजेक्शनच्या नळीत एक घट्टसर द्रावण भरायचे. पाक जसा एकतारी झाला की नाही हे आपण बोटांनी पाहतो, तसा त्या द्रावणाचाही एक नेमका चिकटपणा लागतो. पातळ झाले तर धाग्याऐवजी मणी पडतात, घट्ट झाले तर सुईतच अडते. नळी एका यंत्रात आडवी ठेवायची. ते तिला इतके सावकाश दाबते की तासाभरात जेमतेम एक मिलिलिटर बाहेर यावे. सुईपासून वीतभर अंतरावर धातूचा पत्रा. सुई आणि पत्रा यांच्यामध्ये पंधरा हजार व्होल्टचा दाब. घरातला दाब दोनशे तीस असतो, त्यावरून कल्पना करा. सुईच्या टोकावरचा थेंब ह्या ओढीने लांबतो, शंकूसारखा निमुळता होतो आणि शंकूच्या टोकातून एक धार सुटते. पहिला थोडा भाग ती सरळ दिसते. मग एकाएकी नाहीशी होते. नाहीशी होत नाही, ती चाबकासारखे फटकारे मारीत इतक्या वेगाने गरगरते की डोळ्याला दिसतो तो फक्त धुरासारखा पदर. त्या फटकाऱ्यांत ती ताणली जाते, वाळते आणि पत्र्यावर पांढऱ्या सायीसारखी बसते. पहिल्यांदा मी हे पाहिले तेव्हा तासभर जेवायला गेले नाही.

ही युक्ती नवी नाही. चोळलेला अंबर जवळ आणला की पाण्याचा थेंब टोकदार होतो, हे १६०० साली इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने लिहून ठेवले. १९३४ साली आंटोन फोरमहाल्स याने अशा सुतकताईचे पेटंट अमेरिकेत घेतले. त्याच्या मनात कापड होते. १९६४ साली केंब्रिजच्या जेफ्री टेलर यांनी त्या शंकूचे गणित मांडले, म्हणून त्याला टेलरचा शंकू म्हणतात. मग पुष्कळ दिवस ते अडगळीत पडले. १९९० नंतर ओहायोतील अ‍ॅक्रन विद्यापीठाच्या डॅरेल रेनेकर यांनी ते पुन्हा उजेडात आणले आणि आज जगातल्या असंख्य प्रयोगशाळांत ही यंत्रे आहेत.

आमच्याकडचे यंत्र पावसाळ्यात रुसते. हवेत दमटपणा वाढला की सूत नीट वाळत नाही, एकमेकांना चिकटते, कधी त्याला भोके पडतात. पापड-कुरडयांचे जे होते तेच. मग हवा कोरडी करणारे यंत्र लावून बसावे लागते. आणि खोलीला वास येतो व्हिनेगारचा, कारण जिलेटिन विरघळवायला आम्ही तेच आम्ल वापरतो. नुसते जिलेटिन मात्र पाण्यात टिकत नाही. म्हणून त्यात पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचे एक प्लास्टिक मिसळतात, जे शरीरात सावकाश, दोन-तीन वर्षांत, आपोआप विरते. त्याच्यावर पेशी नीट बसत नाहीत, जिलेटिनवर बसतात. एकाचा टिकाऊपणा आणि दुसऱ्याचा मायाळूपणा. शस्त्रक्रियेनंतर विरघळणारे टाके घालतात ते तुम्ही पाहिलेच आहेत. त्याच कुळातली ही मंडळी.

पत्रा स्थिर ठेवला तर सूत कसेही वेडेवाकडे पडते. पत्र्याऐवजी भराभर फिरणारे पिंप ठेवले, तर धागे पिंजून विंचरल्यासारखे एका दिशेने पडतात. ह्या दिशेला फार महत्त्व आहे. काचेच्या साध्या बशीत उंदराच्या पिल्लाच्या हृदयपेशी ठेवल्या, तर त्या चारी बाजूंना पसरतात आणि प्रत्येक आपल्या मर्जीने धडधडते. (असे प्रयोग ऐकवत नाहीत हे मला ठाऊक आहे, मलाही पहिले काही दिवस जेवण गेले नव्हते.) त्याच पेशी विंचरलेल्या सुतावर ठेवा. एक-दोन दिवसांत त्या धाग्याबरोबर लांब होतात, एकमेकींना भिडतात आणि मग सगळा तुकडा एका ठोक्याने आकुंचन पावतो. सूक्ष्मदर्शकातून ते पाहताना मला दर वेळी भजनाची आठवण होते. सुरुवातीला टाळ कुठेही पडतात आणि तिसऱ्या कडव्याला सगळे एका ठेक्यात येतात.

पण हृदयातले धागे नुसते सरळही नाहीत. बाहेरच्या थरात ते एका बाजूला कललेले, आतल्या थरात दुसऱ्या बाजूला, मधे हळूहळू वळत जाणारे, मळसूत्रासारखे. म्हणून हृदय नुसते दाबले जात नाही, ओली साडी पिळावी तसे पिळले जाते. ह्या पिळामुळेच एवढे रक्त बाहेर पडते, असे १९६९ साली एडवर्ड सॅलिन यांनी गणिताने मांडले होते. ते खरे करून दाखवायला २०२२ साल उजाडले. हार्वर्डच्या किट पार्कर यांच्या प्रयोगशाळेने मळसूत्री धाग्यांची जवनिका तयार केली, तिच्यावर पेशी बसवल्या आणि ती आडव्या धाग्यांच्या जवनिकेपेक्षा अधिक पिळते व अधिक द्रव बाहेर टाकते हे दाखवले. त्यांचे यंत्र विजेवर धागा ओढत नाही, गरगर फिरवून फेकते. जत्रेत म्हातारीचे केस करतात ना, तीच जात. पोरांच्या हट्टापायी आपण जो खाऊ घेऊन देतो त्यात एवढे शास्त्र भरले आहे.

सूत कशाचेही चालते असे नाही, पण पुष्कळ गोष्टींचे चालते. रेशमाचेही मांडव करतात. आणि इथे विदर्भातल्या भगिनींना एक गोष्ट सांगायला मला आनंद वाटतो. भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर जो कोसा पिकतो, ज्याच्या करवतकाठी साड्या आपण मिरवतो, त्या किड्याच्या रेशमातले प्रथिन खरगपूरच्या आय. आय. टी.तील सुभाष कुंडू आणि जर्मनीतील त्यांचे सहकारी यांनी तपासले. २०१२ साली त्यांनी कळवले, की कोशाच्या जाळीवर हृदयपेशी चांगल्या धरतात, जगतात आणि धडधडतात. त्याचे कारण म्हणजे कोशाच्या प्रथिनात एक छोटीशी खूण आहे, जी शरीरातल्या मांडवातही असते. पेशीचा हात त्या खुणेवर बसतो. तुतीच्या रेशमात ती नाही. अर्जुनाची साल हृदयाला चांगली असे आपले वैद्य सांगत आले, आणि त्याच झाडाची पाने खाणाऱ्या किड्याचे सूत हृदयपेशींना मानवते, हा योगायोगच समजावा. त्यापलीकडे त्यात काही शोधू नये. आणि सालीचा काढा घेते म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या कोणी बंद करू नयेत, हेही जाता जाता सांगते. दोघींनी केल्या आहेत, मला ठाऊक आहे.

सोन्याच्या तारांचाही प्रयोग झाला आहे. मांडवाचे पदार्थ बहुधा वीज वाहून नेत नाहीत, आणि हृदयाचा ठोका म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जाणारी विजेची लाटच. म्हणून २०११ साली बॉस्टनमध्ये ताल द्विर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाळीत सोन्याच्या नॅनोतारा मिसळल्या. पेशी अधिक एकजुटीने धडधडू लागल्या. सोने अंगात घालण्याचा हा प्रकार आपल्याला मात्र परवडेल असे वाटत नाही, असे आई म्हणाली. पण ते अगदी कणभर असते.

इथवर ठिगळाचे झाले. ठिगळ लावायचे म्हणजे छाती उघडणे आले. आईसारख्या अशक्त माणसाला ते जड जाते. म्हणून दुसरा मार्ग रफूचा: सुईतून पातळ द्रव आत सोडायचा, आणि आत गेल्यावर त्याचे आपोआप तंतू व्हायचे. अमेरिकेतील एम. आय. टी.च्या शुगुआंग झांग यांना १९९०च्या सुमारास यीस्टच्या एका प्रथिनात असा एक छोटा तुकडा सापडला, जो खारट पाण्यात स्वतःहूनच विणला जातो. २००५ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी तसले द्रावण उंदरांच्या हृदयात टोचले. तिथे तंतूंची जाळी झाली आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी तिच्यात येऊन राहिल्या. कॅलिफोर्नियाच्या कॅरन क्रिस्टमन यांनी आणखी वेगळा विचार केला. डुकराचे हृदय साबणासारख्या द्रावणाने इतके धुवायचे की पेशी निघून जातात आणि नुसता मांडव उरतो. त्याची पूड करून द्रव करायचा. शरीराच्या उबेने तो पुन्हा तंतुमय जेली होतो. हे द्रावण, छाती न उघडता, नळीवाटे १५ रुग्णांच्या हृदयात सोडले गेले आणि २०१९ साली त्याचा अहवाल आला. त्यातून अपाय होत नाही असे दिसले. फायदा झाला की नाही हे सांगता येत नाही, कारण ती तपासणी सुरक्षिततेची होती आणि तुलनेला औषधाविना ठेवलेले रुग्ण नव्हते. हा फरक लक्षात ठेवा. वर्तमानपत्रांत नेमका तोच गाळतात.

अडचणी काय आहेत? पहिली, ठिगळ जाड करता येत नाही. रक्तवाहिनीपासून केसाच्या दोन-तीन जाडीपलीकडे प्राणवायू पोचत नाही. त्याहून जाड तुकडा मधूनच मरतो. हृदयाची भिंत बोटभर जाड. दुसरी, बाहेरून आणलेल्या पेशी आपला वेगळा ठेका धरतात, आणि हृदयात दोन ठेके म्हणजे प्राणाशी गाठ. तिसरी, कापड मऊ हवे तसे चिवटही हवे. दिवसाला लाख वेळा ताणून सैल व्हायचे आहे. बाकीच्या अडचणी पैशाच्या आणि परवानगीच्या आहेत, त्या सगळ्याच कामांना असतात.

आणि एक अडचण माणसांच्या स्वभावाची आहे. पाओलो माकियारिनी नावाचे एक नामांकित शल्यवैद्य होते. त्यांनी २०११पासून स्टॉकहोममध्ये आणि इतरत्र रुग्णांना प्लास्टिकच्या श्वासनलिका बसवल्या. त्यांतल्या काही अशाच नॅनोतंतूंच्या होत्या. जगभर कौतुक झाले. पण जनावरांवर आधी नीट तपासलेच नव्हते. स्टॉकहोममध्ये शस्त्रक्रिया झालेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले, आणि २०२३ साली स्वीडनच्या वरिष्ठ न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांची शिक्षा दिली. हृदयाच्या बाबतीत पिएरो आन्व्हेर्सा यांचे प्रकरण तसेच. हृदयात नव्या पेशी निर्माण करणारी बीजे आहेत असे त्यांच्या प्रयोगशाळेने वर्षानुवर्षे छापले. २०१८ साली हार्वर्डने आणि तिथल्या इस्पितळाने त्यांतले ३१ लेख मागे घ्यावेत असे कळवले, कारण त्यांतली माहितीच खोटी किंवा बनावट होती. त्या लेखांच्या भरवशावर किती जणांची उमेदीची वर्षे गेली असतील! आमच्या खोलीत कोणी घाई करू लागले, की आमच्या बाई ह्या दोघांपैकी एकाचे नाव घेतात आणि खोली गप्प होते.

आता काकूंच्या प्रश्नाकडे.

जर्मनीत ग्यॉटिंगेनला त्सिमरमान यांनी कोलॅजेन आणि माणसाच्या हृदयपेशी यांचे ठिगळ तयार केले. ह्या पेशी हृदयातून काढलेल्या नाहीत. जपानच्या यामानाका यांनी २००६ साली शोधलेल्या रीतीने साध्या पेशींना पुन्हा बालपण देऊन मग हृदयपेशी बनवलेल्या. आधी माकडांवर तपासले. मग २०२१ साली, हृदय बदलण्यासाठी वाट पाहत असलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईंच्या हृदयावर ते बसवले. तीन महिन्यांनी त्यांना दुसरे हृदय मिळाले, तेव्हा काढलेले जुने हृदय तपासता आले. ठिगळ जिवंत होते आणि त्यात रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. २०२५च्या जानेवारीत हे प्रसिद्ध झाले. आमच्या क्षेत्रात त्या दिवशी पेढे वाटावेत असा तो दिवस होता. मी ते आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "त्या बाई कशा आहेत?" ठिगळाबद्दल तिने काही विचारले नाही.

तेव्हा काकू, उत्तर असे: नाही. आज नाही. मी काढते ते सूत आजवर उंदरापलीकडे गेलेले नाही. तिरुवनंतपुरमच्या चित्रा संस्थेने डॉ. वलियाथन यांच्या देखरेखीखाली कृत्रिम झडप तयार केली, तिचे आधीचे नमुने फसले आणि १९९० साली पहिली झडप माणसाला बसेपर्यंत दहा वर्षांवर काळ गेला. झडप तर निर्जीव वस्तू. आईला माझ्या हातचे ठिगळ लागेल असे मी तिला कधी सांगितले नाही आणि आजही सांगत नाही. तिला ज्याने खरा गुण आला ते म्हणजे चार गोळ्या, कमी मीठ आणि सकाळचा फेरफटका. सुरुवातीला पंचवीस होते, ते बत्तीस झाले आहे. कोणी तुम्हाला "पेशी टोचून हृदय नवे करतो" असे सांगून पैसे मागितले, तर आपल्या देशात ते फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येते आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, एवढे ध्यानात असू द्या.

आणि जे पंधरा तास आमच्या घरी गेले ते तुमच्या घरी जाऊ नयेत. बायकांनाही झटक्यात छातीतच दुखते बहुधा. पण पुष्कळदा ते नुसते जडपण असते आणि जबडा, पाठ, मळमळ, घाम, दम, विचित्र थकवा हेच पुढे येते. असे झाले तर पित्त की काय याचा निकाल आपण लावायचा नाही. १०८ फिरवायचा. वाण देणे राहिले तर राहू द्यावे. सवाष्णी समजून घेतात.

जाता जाता एक. ह्या बशीत फॉइलचा तुकडा आहे, त्यावर मी परवा काढलेले सूत आहे. हातोहात फिरवा. पांढरा कागद वाटेल, पण उजेडात तिरके धरले तर एका दिशेने चमक दिसेल. तीच धाग्यांची दिशा. बोट लावू नका, लगेच निघून येते. आईकडे शेवटी द्या, तिने अजून पाहिलेले नाही.